देवाच्या फळीवरचा हात

चर्चमधली रविवारची मिस्सा सुटली की भुईगावातल्या तुळशीदास महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा उरत नसे. गळ्यात क्रूस असलेले आणि कपाळाला कुंकू लावलेल्या, सगळे एकाच रांगेत. सायकली केळीच्या वाडीच्या कुंपणाला टेकलेल्या. महाराज तांब्याचं कडं उंच धरून सांगत, "रक्त समुद्रासारखं उसळतं. हे तांबं त्याला ओहोटी लावतं! गोळ्या? अहो, गोळ्या म्हणजे डॉक्टरची बागायत. बारा महिने पीक!"

लोक हसत आणि कडं घेत.

१९८४ साली त्या आळीत प्रेशर मोजायचं यंत्र एकाच घरात होतं, डेल्फिन टीचरच्या. गोल तबकडीचं, बहरीनहून भावाने पाठवलेलं. महाराजांनी हे बरोबर हेरलं.

"टीचर, तुम्हीच मोजा. पण रीतीनं. कड्याआधी माणूस उभा, हात लोंबता. रक्त मोकळं राहिलं पाहिजे. कडं घातल्यावर खाली बसवा, जरा देवाचं नाव घेऊ द्या आणि हात देवाच्या फळीवर ठेवून मोजा."

डेल्फिनच्या घरी ही फळी म्हणजे भिंतीवरचा आल्तार, येशूची तसबीर ठेवायचा. शेजारच्या कमळीवहिनींकडे देव्हारा. डेल्फिनचे वडील आग्नेल वाडीला पाणी देऊन आले, तसं तिने त्यांना उभ्यानेच मोजलं. एकशे ऐंशी. मग कडं घातलं, चटईवर बसवलं, हात आल्तारावर ठेवला. एकशे अठ्ठेचाळीस.

"काटा कशाला खोटं बोलेल?" ती मांडवात म्हणाली. पुढे दर रविवारी महाराज तिचं हेच वाक्य ऐकवत. तिने वडिलांच्या गोळ्या कपाटात टाकल्या. कमळीवहिनींनीही बंद केल्या. "टीचरनं मोजलंय," एवढं त्यांना पुरेसं होतं.

महिन्याभरात केळीचा घड उतरवताना आग्नेल कोसळले. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. गावातले डॉक्टर भालचंद्र धावत आले. त्यांनी डावा हात छातीच्या उंचीला उशीवर ठेवून मोजलं. दोनशे दहा.

"शक्य नाही, डॉक्टर! कडं आहे ना हातात. दीडशेच्या वर कधी गेलंच नाही."

"हात कुठे ठेवून मोजायचीस?"

तिने आल्ताराकडे बोट दाखवलं.  डॉक्टरांनी आधी आग्नेलना इस्पितळात पोचवलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिलाच चटईवर बसवून तिच्या दंडावर प्रेशर मोजलं. कडं नाही, मंत्र नाही. हात छातीच्या रेषेत, एकशे बावीस. खाली लोंबता, एकशे तीस. आल्तारावर, शंभर.

"पंपापासून नळ जितका वर, तितका पाण्याला जोर कमी," डॉक्टर म्हणाले. "हृदय हा पंप. तुझ्या पप्पांचं प्रेशर उतरलं नव्हतं, डेल्फिन. हात वर गेला होता. शिवाय कामावरून आलेल्या माणसाला आधी उभ्यानं मोजायचं, मग बसवून निवल्यावर. कड्याला काम उरलंच कुठे?"

पुढच्या रविवारी ती यंत्र घेऊन मांडवात गेली. कमळीवहिनींचं कडं काढलं, त्यांना चटईवर बसवून हात महाराजांच्याच देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला. काटा खाली आला. मग कडं घालून, उभं करून, हात लोंबता ठेवला. काटा वर.

"टीचरची श्रद्धा डळमळली," महाराज म्हणाले, "म्हणून काटा बिथरला."

"काट्याला कसली आलीय श्रद्धा?" मागून आळीतला फेबियन ओरडला. "तो काय मिस्सेला जातो?"

हशा पिकला. कमळीवहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. "मग टीचर, माझ्या गोळ्या कुणाच्या भरवशावर बंद झाल्या?"

महाराजांकडे बोट दाखवणं सोपं होतं. डेल्फिनने दाखवलं नाही.

"माझ्या," ती म्हणाली. "आजच पुन्हा डॉक्टरांकडे चला. मी येते बरोबर."

महाराज पुढे गाव सोडून गेले. यंत्र राहिलं, आणि यंत्र वाईट नव्हतंच. घरी मोजायचं तर थोडा वेळ स्वस्थ बसा, बोलू नका. बाही वर करा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या रेषेत. आकडा डॉक्टरांना दाखवा. त्यांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

डेल्फिन आता वडिलांना रोज असंच मोजते. आधी तो लुळा उजवा हात उचलून त्यांच्या मांडीवर नीट ठेवते, मग डाव्या दंडाला पट्टा बांधते. मोजून होईपर्यंत दोघंही बोलत नाहीत. नंतरही फारसं नाही.