ड्रीकाआजीचा कन्ना

"लेसिना, डोळे उघड. माझ्याकडे बघ," ड्रीकाआजी म्हणाली. मुलगा बारेंड पिकअप पळवत होता आणि मागे सुनेचं डोकं तिनं मांडीवर घट्ट धरलं होतं. लेसिनाचे दात वाजत होते, पाय झटके देत होते, अंग नुसतं भाजत होतं.

पंचेचाळीस वर्षं ड्रीका कामिसबर्ग डोंगराच्या उतारावरून कन्ना ही औषधी वनस्पती आणत होती. झुडूप ठेचायचं, पिशवीत आंबवायचं, उन्हात वाळवायचं. दाढ दुखली, मन खचलं की माणसं तिच्याच दारी यायची. बाळ गेल्यापासून सून जेवत नव्हती, झोपत नव्हती. म्हणून तिनं चार दिवस तिला चिमूटभर चघळायला दिला. आज सकाळी दुप्पट.

"आई..." लेसिना पुटपुटली, "मी दवाखान्यातल्या गोळ्या घेते. उदासपणावरच्या. महिना झाला. बारेंडला नका सांगू. वेडी म्हणतील मला."

कन्ना आणि अशा गोळ्या एकत्र घेऊ नका, असं दवाखान्यातल्या नर्सनं गेल्या वर्षी चर्चमध्ये बजावलं होतं. 'कालची पोर मला शिकवते,' म्हणून ड्रीका उठून गेली होती.

दवाखान्यात तीच नर्स होती.

"काय खाल्लं हिनं?"

"काही नाही," बारेंड म्हणाला. "आईचा कन्ना तेवढा. त्यानं कधी कुणाचं वाईट झालंय का?"

बाकावर गावातली पाच-सहा माणसं बसली होती. सगळी ड्रीकाकडूनच कन्ना नेणारी.

"आज झालंय," ड्रीका म्हणाली. "चार दिवस मी दिला, आज दुप्पट. आणि ही तुमच्या उदासपणाच्या गोळ्या घेते. मी विचारलंच नाही. लिहून घे, पोरी."

"कसल्या गोळ्या?" बारेंड ओरडला.

"ओरडतोस काय! पाय धर तिचे."

नर्सनं डॉक्टरांना फोन लावला. इंजेक्शन झालं, सलाईन लागलं, अंगावर ओले टॉवेल पडले. दुपार कलताना झटके थांबले आणि लेसिनानं पाणी मागितलं. बारेंडनं तिचे पाय अजून धरूनच ठेवले होते.

पंधरा दिवसांनी, रविवारी, शेजारची कात्रीना आली आणि तिनं कन्न्यासाठी नेहमीसारखा तळहात पुढे केला.

"आधी घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन ये," ड्रीका म्हणाली.

"डॉक्टरीण कधी झालीस गं? तुला तर वाचताही येत नाही."

"मी वाचीन," आतून लेसिना म्हणाली.

कात्रीना फणकाऱ्यानं निघून गेली. लेसिना बाहेर येऊन सासूशेजारी पायरीवर बसली. ऊन उतरेपर्यंत दोघी रस्त्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी कन्ना मागायला दुसरं कुणीच आलं नाही.