खडूच्या भिंती

नऊ खोल्यांच्या आमच्या घरात आम्ही दोघं दोन खोल्या वापरत होतो. उरलेल्या सात वस्तूंच्या ताब्यात होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा वस्तू आमच्या चिरंजीवांच्या होत्या. व्यायामाची सायकल, लग्नात आलेले सहा डिनर सेट, तिसरीपासूनची दप्तरं. दर आठवड्याला त्या सगळ्यांवरची धूळ मी पुसायचो. निवृत्त माणसाला उद्योग हवा असं डॉक्टर सांगतात. ते बहुधा स्वतःच्या घरी धूळ पुसत नसावेत.

दोघांच्याही गुडघ्यांनी जिन्याशी बोलणं टाकलं तेव्हा बायकोनं ठरवलं: घर विकायचं आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या बागेमागे, रिकाम्या जागेत, बोटीवरून माल नेतात तसला कंटेनर ठेवून त्यात राहायचं. चाळीस फूट लांब, आठ फूट रुंद.

"त्यात माल राहतो, आई. माणसं नाही," चिरंजीव म्हणाले. ते इंजिनीअर आहेत.

"मग इथे काय वेगळं आहे?"

"हे प्रॅक्टिकल नाही. त्यापेक्षा आमच्याकडे या. खोली तयार आहे."

"माझं टेबल मावेल?"

चिरंजीवांनी दोन हात पसरून हवेत टेबल मोजलं आणि हात खाली घेतले.

माझी बायको शिवणकाम करते. सात फूट बाय साडेतीन फुटांच्या त्या टेबलावर तिनं चाळीस वर्षं कापड बेतलं आहे. कडेला एका जागी लाकूड झिजून गोल झालंय. तिथे ती टेकते. चिरंजीवांच्या फ्लॅटकडे नेताना ते लिफ्टपर्यंतसुद्धा पोचलं नसतं.

"बरं," चिरंजीव म्हणाले, "एक महिना आठ फुटांत राहून दाखवा. जमलं तर मी गप्प. नाही जमलं तर टेबल भंगारात आणि तुम्ही दोघं आमच्याकडे."

"ठरलं," बायको म्हणाली. मला कुणी विचारलं नाही. लग्नापासूनचा रिवाज आहे.

या नऊ खोल्यांखेरीज तळमजल्यावर तिच्या बंद झालेल्या शिवणवर्गाचा लांबलचक हॉल रिकामाच होता. तिथे तिनं फरशीवर गुडघे टेकले (तक्रार नंतर केली) आणि टेप लावून शिंप्याच्या खडूनं कंटेनर आखला. भिंती, दार, ओटा, न्हाणीघर. मधोमध तिचं खरं टेबल. पलंग भिंतीकडेनं, माझे पाय कपाटाखाली जातील असा. खरं न्हाणीघर रेषेबाहेर असल्यामुळे तेवढी सवलत घेतली. पण जाताना खडूच्या दारातूनच जायचं.

पहिले तीन दिवस मी भिंतींतून चालत होतो. "अहो, पत्रा फाटला," ती मान वर न करता म्हणायची आणि मला परत पाठवून दारातून यायला लावायची. चौथ्या दिवशी रेषेजवळून जाताना मी आपोआप अंग चोरलं. दहाव्या दिवशी ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बाईंनी चपला रेषेबाहेर काढल्या आणि "येऊ का आत?" असं विचारलं. बायकोनं त्यांना महिनाभर शिलाईत सूट दिली.

वरच्या खोल्यांतलं काहीच लागलं नाही. आम्ही चारच चमचे खाली आणले होते; एकदा मला पाचवा आठवला, पण आठवणीपुरताच.

तिसाव्या दिवशी चिरंजीव आणि सूनबाई तपासणीला आले. चिरंजीवांनी खिशातून लाल उजेडाचं मोजयंत्र काढलं. त्यांचा चेहरा फुटलेला पेपर हाती लागलेल्या विद्यार्थ्यासारखा तजेलदार होता.

"आई, एक गोष्ट तू विसरलीस. आठ फूट हे बाहेरचं माप. आतून उष्णता अडवायला जाड अस्तर लागतं. उरतात सातच फूट. तू महिनाभर एक फूट फुकटात राहिलीस."

बायको कापड बेतत होती. तिनं खडू खाली ठेवला नाही.

"मोज," ती म्हणाली.

चिरंजीवांनी मोजलं. मग यंत्र झटकून पुन्हा मोजलं. मग वाकून, हातानं, आईच्याच टेपनं मोजलं.

"साडेसहा," सूनबाईंनी वाचून दाखवलं. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं.

"शिलाईला माया सोडल्याशिवाय मी कधी काही कापलंय का?" बायको म्हणाली. "अस्तराचा फूट आधीच वजा केला. वर अर्धा फूट हाताशी ठेवला. धुतल्यावर आटलं तर म्हणून."

"कंटेनर आटत नाही, आई."

"तर मग अर्धा फूट जास्तीचा मिळाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी फिरता येईल."

चिरंजीवांनी छताकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि शेवटी टेबलाकडे पाहिलं. लहानपणी त्याच्याखाली झोपून त्यांनी पाढे पाठ केले होते.

"उतरवायला क्रेन लागेल," ते पुटपुटले. "ती मी बघतो."

"आणि तुझी सायकल, दप्तरं, डिनर सेट?" मी विचारलं. महिनाभर मी याच वाक्यासाठी जगत होतो.

"बघतो," असं म्हणून ते तरातरा निघाले. डाव्या हाताला दहा पावलांवर घराचा खरा दरवाजा सताड उघडा होता. मध्ये खडूच्या एका रेषेशिवाय काही नव्हतं. पण आमचे इंजिनीअर चिरंजीव टेबलाला वळसा घालून, ओट्यापासून अंग चोरत, खडूच्या दारापर्यंत गेले आणि बाहेर पडल्यावर त्यांनी ते हातानं ओढून घेतलं.

"कडी लावू का?" बायकोनं आतून विचारलं.