मुठीवरचे रबर

मित्रांनो, मी एक जुन्या घाटाचे पिस्तूल आहे. वय फारसे नाही. घाट तेवढा शंभर वर्षांपूर्वीचा. दचकू नका. आजवर मी कागदाशिवाय कशालाही भोक पाडलेले नाही, आणि माझे सारे आयुष्य सिंगापुरातल्या एका नेमबाजीच्या क्लबात, चार भिंतींच्या आत गेले आहे. इथला नियमच तसा. माझ्यासारख्याला मालकाच्या घरी जाता येत नाही. मालकाने यायचे, आर्मरीच्या, म्हणजे हत्यारखान्याच्या, खिडकीतून मला मागून घ्यायचे आणि निघताना तिथेच परत द्यायचे. त्यामुळे माझे मालक कुठल्या खुर्चीत बसत, चहात साखर किती घेत, हे मला ठाऊक नाही. मला फक्त त्यांचे हात ठाऊक होते.

त्या हातांविषयीची एक गोष्ट मला माहीत होती आणि त्यांच्या मुलीला माहीत नव्हती. मालक गेल्यावर ती गोष्ट माझ्या नळीत अडकलेल्या गोळीसारखी रुतून बसली. मला बोलता येत नव्हते. आणि मुलीने निरोप पाठवला होता की मला कापून टाकावे.

पण मी मधूनच सुरुवात केली. जरा मागे जातो.

माझा जन्म फिलिपिन्समधल्या एका कारखान्यात झाला. पोलाद ओतणारे हात वेगळे, कानशीने घासणारे वेगळे, चाप बसवणारे वेगळे. जुना नावाजलेला घाट, पण किंमत साध्या माणसाला परवडावी, म्हणून माझ्या पॉलिशवर कोणी फार वेळ घालवला नाही. आतल्या बाजूला यंत्राचे ओरखडे तसेच राहिले. जोरात हलवले तर मी किंचित खुळखुळायचो. मला त्याची लाज वाटे.

दोन हजार चार साली एका रविवारी क्लबातल्या टेबलावर हिरवे कापड अंथरले गेले आणि त्यावर आम्हा तिघांना मांडले गेले. पहिले होते प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे, नव्या जमान्याचे, हातात घेतल्यावर जाणवूही नये इतके हलके. दुसरे युरोपातले, अक्रोडाच्या लाकडाची कोरीव मूठ असलेले. ते आमच्याकडे बघतही नव्हते. तिसरा मी. समोर उभे होते पद्माकर. जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत ते इंजिनिअर होते. पत्नी गेल्यावर मन लागेना म्हणून क्लबात येऊ लागलेले, वर्षभर क्लबाची पिस्तुले वापरून आता स्वतःचे एक घ्यायला निघालेले. त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी प्रियदर्शिनी. ते तिला दर्शू म्हणत.

पद्माकरांनी युरोपातल्याची किंमत ऐकली आणि ते हळूच कापडावर ठेवले, जसे कोणी दुसऱ्याचे तान्हे बाळ परत देते. मग त्यांनी प्लॅस्टिकचे उचलले. कागदी लक्ष्यावर गोळ्या झाडल्या. कागदावर भोके चहूकडे पांगली.

"बाबा, सकाळी नाश्ता नाही केला का?" दर्शू हसली.

पद्माकरांनी ते ठेवून दिले. त्यांनी मला घेतले. इंजिनिअरच ते, आधी माझा वरचा भाग मागेपुढे सरकवून पाहिला, नळी उजेडाकडे धरून आत डोकावले, रिकामा चाप ओढून तो कुठे सुटतो ते बोटाने ओळखले. मग हात लांब केला. आणि मित्रांनो, त्या क्षणी मला कळले. त्यांचा हात थरथरत होता. फार नाही. डब्यातले पाणी दूरवरून गाडी जाताना हलते ना, तसा. माझ्या टोकावर नेम धरायचा एक छोटा उंचवटा आहे, त्याला माशी म्हणतात. प्लॅस्टिकवाल्याची माशी त्यांच्या हातात गिरक्या घेत होती. माझे पोलाद जड. त्या वजनाखाली थरथर दबली आणि माशी थांबली. भोके एकमेकांजवळ पडली.

"हेच," पद्माकर म्हणाले.

"हे? बाबा, आजोबांच्या काळातलं वाटतंय लाह! वाजतंय पण. स्वस्त आहे म्हणून ना? तुम्ही इतके चिक्कू आहात!"

"जड पातेल्यात भाजी लागत नाही, दर्शू."

"बघा, अंकल," ती क्लबाच्या रेंजवर देखरेख करणाऱ्या लिम यांना म्हणाली, "माझे बाबा गन घेतायत की प्रेशर कुकर?"

सगळे हसले. पद्माकरही हसले. उजवा हात त्यांनी खिशात घातला होता.

त्यानंतर आमचे रविवार सुरू झाले. कंपनीच्या बसने आठवडाभर जुरोंग आयलंडला ये-जा, आणि रविवारी सकाळी सेरंगूनच्या घरून निघून माझ्याकडे. श्वास सोडताना चाप ओढायचा असतो. ते म्हणत, हे आमच्या, बौद्धांच्या, आनापान ध्यानासारखेच आहे, श्वासावर मन ठेवायचे. मराठी मी त्यांच्याकडूनच शिकलो. मला तेल लावताना ते स्वतःशी बोलत. एकदा क्लबात माणसाच्या आकाराच्या लक्ष्यांचा खेळ ठरला. पद्माकरांनी मला खाली ठेवले.

"लिम, मी पंचशील घेतलेलं आहे. माणूस कागदाचा असला तरी नको."

लिम यांनी डोके खाजवले, काहीतरी पुटपुटले आणि त्यांच्यासमोर साधे गोल लक्ष्य लावून दिले. पुढे ते नेहमीच लावले, न सांगता. लिम इंग्रजीत बोलायचे. तुमच्यासाठी मी मराठी केले आहे; वाक्याशेवटी लावायचा इथला 'लाह' तेवढा तसाच ठेवला.

पुढल्या वर्षी दर्शू शिकायला मेलबर्नला गेली. थरथर वाढत गेली. एका रविवारी पद्माकर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून घेऊन आले आणि माझ्या मुठीवर चढवल्या. दिसायला मी आणखीच गबाळा झालो, पण बोटे घसरायची थांबली. लिम यांनी तेव्हा पहिल्यांदा विचारले, "मुलीला सांगितलंस?"

"सांगितलं तर शिक्षण टाकून येईल. आईच्या आजारात तिने एक वर्ष घालवलंय. आता माझ्यासाठी नको."

त्यावर लिम यांनी मान डोलावली. मला तर तेही करता येत नाही. पण त्या दिवसापासून माझा जीव एका जागी ठरेना. एखाद्या गोष्टीचे साक्षीदार व्हायचे आणि तोंड नसावे, यासारखी तगमग नाही.

मग तो फोन आला. साफसफाईच्या बाकावर मी उघडा पडलो होतो, स्प्रिंग एकीकडे, नळी एकीकडे. पद्माकरांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडून दर्शूचा आवाज इतका मोठा होता की मला शब्दन्शब्द ऐकू आला.

"पदवीदान रविवारी आहे, बाबा! तिकीट मी काढते. तुम्ही फक्त कोट घालून या."

त्यांनी बाकावरच्या माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "त्या रविवारी क्लबात स्पर्धा आहे गं. नाव दिलंय मी."

"स्पर्धा? त्या पिस्तुलाची?"

"हो."

"ओके, बाबा," ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "ऑल द बेस्ट हं."

स्पर्धा नव्हती, मित्रांनो. हात लपवायला त्यांनी मला पुढे केले होते. त्या ओकेनंतर माझ्या अंगातल्या पोलादाचा कण न् कण ओरडत होता, आणि बाहेर ऐकू आला तो फक्त पंख्याचा आवाज.

त्या रविवारी ते आले ते नवा कोट घालून. आतल्या सदऱ्याच्या बाहीचे बटण उघडेच लोंबत होते. सकाळभर प्रयत्न केला असावा. बाकावर बसून त्यांनी मला पुसले, पुन्हा पुसले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत एकदा म्हणाले, "आता तिचं नाव पुकारलं असेल." लिम आले, वाकून त्यांच्या बाहीचे बटण लावून गेले. कोणी कोणाकडे पाहिले नाही.

त्यानंतर त्यांनी नेम धरला नाही. हात आता माझ्या वजनालाही जुमानत नव्हता, आणि भरलेले हत्यार अशा हातात असू नये हे त्यांना स्वतःलाच कळत होते. तरी येत. मला मागून घेत, तेल लावत, परत देत. आर्मरीतली बाकीची पिस्तुले मला हसत असतील. मला त्याची पर्वा नव्हती. रविवार उजाडला की मी कुलपाच्या आवाजाकडे कान लावून बसे.

एका रविवारी कुलूप वाजले नाही. पुढच्याही नाही. मग लिम यांनी फळीशी येऊन मला हात लावला आणि कोणाला तरी सांगितले, "मिस्टर पद्मा गेले. हार्ट." दर्शू धावत आली तेव्हा सगळे आटोपले होते, हे मला असेच खिडकीतून येणाऱ्या बोलण्यातून कळले.

काही आठवड्यांनी फोन वाजला. लिम म्हणत होते, "विकायचं नाही? क्लबला द्यायचं नाही? कापायचंच? नक्की?" मग म्हणाले, "ओके. सही करायला ये."

कापले जाण्याची भीती वाटली का? वाटली. खोटे कशाला सांगू? पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. मी गेलो की ती जन्मभर हेच धरून बसेल की बाबांनी तिच्याऐवजी मला निवडले. आणि तसे नव्हते.

ती आली. केस बांधलेले, डोळे कोरडे. पुन्हा तेच हिरवे कापड, वर एकटा मी. लिम यांनी माझी नळी रिकामी असल्याचे दोनदा पाहिले.

"कुठे सही करायची, अंकल?"

"आधी बघून तर घे. तुझ्या बाबांचं होतं."

"बघितलंय मी. यासाठी ते माझ्या—" ती थांबली. तिची नजर माझ्या मुठीवर खिळली होती. "हे काय आहे?"

"सायकलची ट्यूब. त्यांनीच लावली."

ती हळूहळू बोलू लागली. "घरी चमच्याला हेच आहे. टूथब्रशला. पेनाला. सुट्टीत आले तेव्हा मी म्हटलं होतं, बाबा, घर आहे की पंक्चरचं दुकान? ते म्हणाले, इंजिनिअरला असले चाळे सुचतात." ती हसायला गेली आणि हसू अर्ध्यातच राहिले. "अंकल, त्यांना हे कशाला लागत होतं?"

लिम यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हात थरथरायचा, गर्ल. तुला सांगू नको म्हणाले होते. पण आता मी कोणासाठी गप्प बसू?"

"कधीपासून?"

"हे घेतलं त्याच्याही आधीपासून. म्हणून तर जड घेतलं. हलकं त्यांच्या हातात नाचायचं."

"मी इथेच उभी होते," दर्शू म्हणाली. "मी चिक्कू म्हटलं त्यांना."

"सगळेच हसलो लाह."

"आणि ती स्पर्धा? माझ्या पदवीदानाच्या रविवारची?"

"कसली स्पर्धा? त्या दिवशी ते तिथे बसले होते, त्या बाकावर. नवा कोट घालून. बाहीचं बटण लागत नव्हतं, मी लावलं."

ती त्या बाकाकडे पाहत राहिली. मग तिने विचारले, "मी हातात घेऊ?"

लिम तिला नेम धरायच्या जागी घेऊन गेले. तोंड लक्ष्याकडेच ठेव, बोट चापाबाहेर, असे बजावून त्यांनी रिकामा मी तिच्या हातात दिला. समोर त्यांनी गोल लक्ष्य लावले होते. तिने तसे लावा म्हणून सांगितले नव्हते. तिचा हात थरथरत होता. आजाराने नव्हे, पण हाताला कारण कळत नाही आणि मलाही त्याच्याशी कर्तव्य नाही. मला जे येते ते मी केले. सारे वजन तिच्या तळहातावर टाकले. माझी माशी डोलली, डोलली आणि थांबली. दोन्ही रबरांवर त्यांच्या बोटांनी पाडलेले खोलगट ठसे होते. तिची बोटे त्यात नीट बसली नाहीत. तिचा हात लहान आहे.

"बाबा," ती म्हणाली, "बटण मी लावलं असतं ना."

मला कापले गेले नाही. तिने दिल्यामुळे मी आता क्लबाचा आहे. नवशिक्यांना देतात मला, विशेषतः ज्यांच्या हाती हलके पिस्तूल ठरत नाही त्यांना. त्या दिवशी निघताना तिने विचारून माझ्या मुठीवरची एक पट्टी काढून नेली आणि दुसरी राहू दिली. फाटकाबाहेर जाता आले ते माझ्या एवढ्याच भागाला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी 'आमची काळजी घ्या' असे सांगतात. मला तेल लावायला लिम आहेत. तुम्ही घरी जाल तेव्हा जेवताना एकदा आपल्या माणसांच्या हातांकडे बघा. कप कोण दोन्ही हातांनी धरते, कोणाचा एक हात नेहमी खिशात असतो, कोणाच्या बाहीचे बटण उघडे राहते. हसायला येईल. हसा. पण मग जवळ जाऊन बटण लावा.

आज रविवार आहे. कुलूप वाजते आहे. कोणाचा तरी हात येतो आहे. मी अजून ओळखत नाही तो.