ब्लूबेरीच्या फुलांना लागलेला ब्रश

सुकापूरच्या मागे दयाराम भोईरांनी जमिनीचा एक तुकडा बिल्डरला न देता राखला होता. त्यात त्यांच्या सुनेने, रंजिताने, शेडनेट उभारून काळ्या पिशव्यांमध्ये ब्लूबेरी लावली. जानेवारीत झाडं पांढऱ्या, घंटेसारख्या फुलांनी लगडली, पण फळ धरेना. जाळी इतकी बारीक, की मधमाशीला आत शिरायला वाटच नव्हती.

"फुलं थरथरली की पराग सुटतात," मोबाइलवर बघून रंजिता सासूला म्हणाली. "काहीतरी गुणगुणणारं हवंय, आई."

दमयंतीबाईंचे डोळे चमकले. "ह्यांचा ब्रश हाय ना!"

दात घासायचा तो बॅटरीवर चालणारा ब्रश रंजिताच्या नवऱ्याने, भावेशने, वडिलांच्या साठीला आणला होता. दयाराम त्याला कुणालाच हात लावू देत नसत. पण सकाळी दात घासून ते नाक्यावर चहाला जायचे, आणि त्यांची पाठ वळली की सासू-सून शेडमध्ये पळायच्या. घर्रर्र! घोसाच्या देठाला ब्रश टेकला की पिवळी भुकटी उडायची. मग ब्रश धुऊन, पुसून जागच्या जागी.

"चार्जिंग उतरतंय कसं?" दयाराम कुरकुरले.

"तुमी लय जोरात घासता," दमयंतीबाई म्हणाल्या. रंजिता हसू दाबत आत पळाली.

एके दिवशी चष्मा विसरला म्हणून दयाराम अर्ध्या वाटेतून परतले. शेडमधून घर्रर्र ऐकू आलं.

"अगो, माझ्या तोंडातला ब्रश फुलांना?"

"फुलांनी तक्रार नाय केली," दमयंतीबाई मागे न वळताच म्हणाल्या. "तुमी कशाला करता?"

दोन दिवस दयाराम रुसून मिठाने दात घासत होते. पुढच्या आठवड्यात झाडांवर हिरवे मणी दिसले, तसे ते नाक्यावर सांगू लागले, "फळ धरला तो माझ्यामुलं!" कसं, ते मात्र सांगेनात.

पहिली फळं निळी झाली. रंजिताने नवीन पनवेलच्या एका गिऱ्हाईक बाईंसाठी डबा भरला. दयारामांनी त्यातलं एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "आंबट हाय गो!"

दमयंतीबाईंनी मीठ-मसाला आणला. तिघं बांधावर बसली आणि बघता बघता डबा रिकामा झाला. तेवढ्यात त्या बाईंचा फोन आला.

"अजून पिकली नाहीत हो, ताई," रंजिता गंभीर आवाजात म्हणाली. शेजारी सासऱ्यांनी डबा उलटा करून तळाचा मसाला चाटायला घेतला होता.