खांद्यापर्यंतचा फोटो

"आई, अगं हलू नकोस ना!"

"मी कुठे हलतेय? ती हलतेय, म्हणून मी हलतेय!"

आवाज निळ्या पडद्यामागून आला. पडद्यापुढे स्टुलावर साडेचार वर्षांची भिंगरी बसली होती. पडद्याच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या आजीच्या हातांनी तिची मनगटं मांडीवर दाबून धरली होती. कॅमेऱ्यातून पाहिलं तर पोरीला चार हात दिसत होते. एरवी फोटोग्राफर पोट धरून हसला असता, पण आज त्याला घाम फुटला होता. उद्या शाळेत फोटो द्यायचा होता.

त्याला सगळी गल्ली 'हलूनका' म्हणायची. खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. नवरा-नवरी असोत, तान्हं बाळ असो की पेन्शनीतले आजोबा, "हात मांडीवर, मान सरळ, हलू नका!" हे त्याचं ठरलेलं. आणि देवाची गंमत बघा, अशा माणसाच्या पोटी भिंगरी आली.

भिंगरी बोलायची कमी. कोपरं कमरेशी चिकटवून दोन्ही हात मात्र सारखी फडफडवायची, धुतलेले हात आपण झटकतो ना, तशी. पंखा सुरू झाला, फडफड. आई कामावरून आली, फडफड. दुकानात गर्दी झाली तरी फडफड, पण ती जरा वेगळी, घट्ट ओठांची. डॉक्टरांनी या सगळ्याला ऑटिझम हे नाव सांगितलं. थेरपीच्या बाईंनी आईबापांना समोर बसवून समजावलं, "हात हलवून ती स्वतःला सावरते. तिला इजा होत नसेल तर अडवू नका. कशामुळे हलवतेय, ते आधी बघा."

बायकोने ते त्याच दिवशी मनावर घेतलं. ती बस चालवायची. "सिग्नलला उभी असली तरी माझी गाडी थरथरतेच की," ती म्हणाली, "म्हणून काय इंजिन बंद करू?"

फोटोग्राफरनेही जोरजोरात मान हलवली होती. पण गिऱ्हाईक आलं की तो भिंगरीला हळूच आतल्या खोलीत धाडायचा. लोक हसतील, तिला वाईट वाटेल, असं तो म्हणायचा. वाईट कोणाला वाटत होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि जगाचे फोटो काढणाऱ्या या माणसाकडे स्वतःच्या लेकीचा एक धड फोटो नव्हता. एकात नुसती वेणी, एकात कान, बाकी सगळे धूसर. बापाकडे बघणारी भिंगरी तर एकातही नाही. शाळेचं आपलं निमित्त होतं. हा फोटो त्याला स्वतःला हवा होता, आणि तोसुद्धा अगदी मनापासून.

"घट्ट धर, आई. फक्त एकदाच!"

आजीने घट्ट धरलं. हात अडकले तशी भिंगरी अख्खी झुलायला लागली, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि मग जी किंकाळी फोडली म्हणता! डोकं गेलं मागे ते थेट आजीच्या हनुवटीवर.

"मेले गं बाई! माझी कवळी!"

पडदा आजीच्या अंगावर, आजी जमिनीवर, आणि भिंगरी टेबलाखाली. नेमकी तेव्हाच ड्युटी संपवून बायको दारात उभी राहिली, अंगात खाकी शर्ट, हातात डबा.

तिने आधी सासूला उठवलं, कवळी शाबूत आहे का ते पाहिलं. मग दिवे मंद केले आणि टेबलापाशी जमिनीवर बसकण मारली. जवळ घेतलं नाही, बोलली नाही, नुसती बसून राहिली. हळूहळू रडणं ओसरलं. टेबलाखाली हातांची फडफड सुरू झाली आणि तिच्याबरोबर श्वासही शांत झाला.

"अहो फोटोवाले," बायको मग म्हणाली, "शाळेला फोटो कुठपर्यंत हवाय?"

"खांद्यापर्यंत."

"आणि हिचे हात कुठे असतात?"

"कमरेपाशी..." म्हणता म्हणता त्याचा आ वासला तो वासलेलाच राहिला.

"अरे गाढवा!" आजी कडाडली. "मग सकाळपासून मला पडद्यात कशाला गुंडाळलंस?"

समोर माणूस बसला की आधी त्याचे हात मांडीवर ठेवायचे, एवढीच आयुष्यभराची सवय. त्याने कपाळावर हात मारून घेतला. आजी आधी रुसली, मग तीच खदखदून हसली, आणि हसता हसता कवळी सावरायला लागली.

भिंगरी आपणहून स्टुलावर येऊन बसली. हात सुरू होते, पण मान आता स्थिर होती. नजर मात्र पंख्यावर. त्याने चुटक्या वाजवल्या, खुळखुळा वाजवला. ढिम्म. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, कॅमेऱ्याचं बटण बायकोच्या हाती देऊन तो कॅमेऱ्याला अगदी खेटून उभा राहिला. कोपरं कमरेशी घेतली आणि स्वतःच हात फडफडवायला लागला. आधी अवघडून, मग तिच्या तालावर.

तेवढ्यात दार ढकलून एक टायवाले साहेब आत आले. "पासपोर्ट साइज हवाय, जरा घाईत..." ते थबकले. "हे काय चाललंय?"

फोटोग्राफरचे कान तापले. हात खाली टाकावेत, भिंगरीला आत न्यावं, सगळं क्षणात मनात येऊन गेलं. बायको त्याच्याकडेच बघत होती.

"लेकीचा फोटो काढतोय," तो म्हणाला. हात थांबले नव्हते. "ती अशी हात हलवते, म्हणून मीही हलवतोय. बसा ना, वेळ लागेल थोडा."

साहेब बसले. बसल्या बसल्या त्यांचा गुडघा जो उडायला लागला, तो थांबेचना.

"हा बघ, हा कसा पाय हलवतोय," आजी सुनेच्या कानात कुजबुजली. "याला बरं कुणी पडद्यामागून धरत नाही!"

कुजबूज सगळ्या दुकानाला ऐकू गेली. साहेबांनी गुडघ्याकडे पाहिलं आणि ते ओशाळून हसले.

आणि भिंगरीने पंख्यावरची नजर काढली. बापाचे हात पाहिले. मग वर, त्याचा चेहरा पाहिला, अगदी नीट, आणि हसली.

बायकोने बटण दाबलं.

शाळेसाठी त्याने खांद्यापर्यंतचे छोटे फोटो छापले. मग तोच फोटो पूर्ण, मोठा छापला आणि काउंटरवर ठेवला. चेहरा लख्ख, डोळे सरळ त्याच्याकडे, आणि खाली दोन्ही हातांच्या जागी नुसता धूसर पांढुरका झोत. तो बघतच राहिला. डोळे भरून आले ते त्याने पुसलेही नाहीत.

साहेब जवळ येऊन वाकले. "छान आलाय हो. हात तेवढे हललेत."

"हलणारच," तो म्हणाला. "खूश होती ती."

भिंगरी दुकानाच्या मधोमध उभी होती. तिला आत पाठवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्याने साहेबांसाठी स्टूल पुढे ओढलं.