खाटेखालची आढी

मे महिना लागला की वनमालाच्या घरातली लोखंडी खाट विटांवर चढायची. वाकोल्याच्या बैठ्या चाळीतली एक खोली, त्यात आंबे पिकत घालायला दुसरी जागा कुठून आणायची? कुडाळहून दीर ट्रकने पेट्या पाठवायचा, आणि वनमाला खाटेखाली पेंढा अंथरून त्यात आंबे लावायची. आढीच्या वर तिची सासू, सुंदराबाई, झोपलेली असायची. मोरीत घसरून पडल्यापासून सुंदराबाईंना उभं राहता येत नव्हतं. "आंब्याच्या वासार माका झोप बरी लागता," त्या म्हणायच्या.

त्या साली आंब्यांबरोबर ओले काजूही आले होते. ओल्या काजूची उसळ म्हणजे घरात सण. काजू सोलताना चिकाने वनमालाच्या बोटांची सालं निघायची, पण दरवर्षी ती हौसेने सोलायची. तिच्या शेजारी बोंडू बसलेला असायचा. बोंडू म्हणजे त्यांचा बोका. रंगाने पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा तांबूस पिवळा, म्हणून सासूबाईंनीच हे नाव ठेवलं होतं. वनमाला विळीवर नारळ खवायला बसली की तो येऊन तिच्या मांडीला डोकं घासायचा आणि चिमूटभर खोबरं मिळाल्याशिवाय हलायचा नाही. मूलबाळ नसलेल्या त्या घरात वनमालाला दिवसभर बोलायला तोच होता. मिठाचा अंदाज चुकला तरी ती त्यालाच विचारायची, "काय रे, खारट झालं का?"

त्या दिवशी सकाळी तिने मोठ्या टोपात काजू गरम पाण्यात भिजत घातले आणि स्टोव्ह बंद केला. तिचा नवरा जयवंत पहाटेच्या पाळीला अंधेरीला गेला होता. गिरणी सुटल्यापासून तो तिथल्या एका कारखान्यात वॉचमन होता. वनमालाने नारळ फोडला, खवायला घेतला. पण बोंडू आला नाही.

तो खाटेसमोर बसला होता. अंग जमिनीला टेकलेलं, शेपटी फुललेली, नजर पेंढ्यात.

"उंदीर आहे वाटतं," वनमाला म्हणाली. आंबे नासवले तर, म्हणून ती उठली. पिकलेले आंबे तेवढे काढून घ्यावेत, असा तिचा विचार. खाटेशी वाकून तिने हात पुढे केला, तर बोंडूने तिच्या मनगटावर पंजा मारला. तिच्यावर त्याने नख कधी उगारलं नव्हतं. ती ओरडणार, इतक्यात पेंढ्यातून आवाज आला.

तापल्या तेलात ओला मासा सोडल्यावर होतो, तसा. चर्रर्र. थांबला, आणि पुन्हा सुरू झाला. स्टोव्ह तर बंद होता.

वनमालाने हात मागे ओढला. हा आवाज तिला ठाऊक होता. लहानपणी गावाला तिच्या आत्याला भाताच्या उडवीत फुरसं चावलं होतं. आत्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते थांबलंच नाही. पांढऱ्या पंच्याने तिचं तोंड पुसणारी आजी वनमालाला अजून दिसायची.

"वनमाला," खाटेवरून सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, "आयकलंस?"

"हो."

"फुरसा आसा ता."

"आई, हलू नका."

"माझो हात खाली आसा, गो."

वनमालाने पाहिलं. सासूबाईंचा सुकलेला हात खाटेच्या कडेवरून लोंबत होता. बोटं पेंढ्याला टेकायला वीतभर अंतर उरलं होतं.

"वर घ्या. हळूहळू. घाई नको."

हात वर जायला लागला. बांगडी खाटेच्या पट्टीला लागून वाजली. खालचा आवाज एकदम वाढला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले, पण हात थांबवला नाही. शेवटी तो छातीवर आला तेव्हा वनमालाने श्वास सोडला.

दाराबाहेर शेजारची सुलक्षणा कपडे वाळत घालत होती. "सुलक्षणा, इकडे ये. पण आत पाय टाकू नको," वनमालाने हाक मारली. "खाटेखाली साप आहे."

"वाट लागली!" सुलक्षणा उंबऱ्यावर येऊन थबकली. "वहिनी, बाहेर या ना तुम्ही आधी!"

"आईंना कशी टाकून येऊ? खाटेचं डोकं तुझ्या बाजूला आहे. तू गोधडी ओढ, मी पायाकडून उचलते."

पायाकडे जायचं म्हणजे पेंढ्याच्या कडेने जायचं. वनमालाने साडी गुडघ्यापर्यंत खोचली. एकेक पाऊल टाकताना तिला घोट्याला काहीतरी लागल्यासारखं वाटायचं आणि ती खाली बघायची, काही नसायचं. तिने सासूबाईंचे पाय उचलले, सुलक्षणाने उंबऱ्यातून वाकून गोधडीची टोकं धरली, आणि दोघींनी त्यांना गोधडीसकट ओढत दाराबाहेर काढलं. ओट्यावर टेकताच सासूबाई रडायला लागल्या.

"दार लावा," सुलक्षणा म्हणाली. "पुरुषमाणसं आली की बघतील."

पण बोंडू आत होता.

"बोंडू, ये. ये रे, ये," वनमालाने हाका मारल्या. त्याचा कानही हलला नाही. त्याने पेंढ्यावर पंजा मारला, मागे सरकला, पुन्हा मारला. आणि ते बाहेर आलं. हातभरही नव्हतं. मातकट रंगाचं, उघड्या फरशीवर जिलबीसारखं वेटोळं करून बसलेलं. अंगावर अंग घासत होतं आणि तो चर्रर्र आवाज काढत होतं. बोंडूच्या पंज्यापासून ते जेमतेम हातभर लांब होतं.

"मांजर चपळ असतं, वहिनी! राहू दे त्याला!"

वनमाला आत गेली. का गेली ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. भिंतीला पाठ लावून ती स्वयंपाकाच्या ओट्याकडे सरकली.

"गरम पाणी टाका त्याच्यावर!" बाहेरून सुलक्षणा ओरडली.

टोपातल्या पाण्याला अजून वाफ येत होती. पण पाणी फेकलं असतं तर बोंडूही भाजला असता. तिने काजूसकट सगळं पाणी मोरीत ओतलं आणि रिकामा टोप दोन्ही हातांनी उलटा धरला. तेवढ्यात फुरशाने झेप घेतली. बोंडू उडाला, बाजूला पडला, पुन्हा वळला. फुरसं परत वेटोळं करत होतं. वनमाला दोन पावलं पुढे गेली आणि टोप त्याच्यावर आदळला.

आतून आवाज आला. ॲल्युमिनियममध्ये घुमून तो इतका मोठा झाला की टोप आपल्याच हाताखाली थरथरतोय असं तिला वाटलं. "पाटा आण!" ती किंचाळली. "सुलक्षणा, पाटा!" सुलक्षणाने डोळे अर्धे मिटून मोरीपाशी धाव घेतली, पाटा छातीशी धरून आणला आणि टोपावर ठेवला. मग दोघी बाहेर पळाल्या.

बोंडू त्यांच्या मागून आला. तीन पायांवर. उजवा पुढचा पंजा त्याने वर धरला होता आणि त्यावर रक्त होतं.

भाजीच्या पिशवीत त्याला घालून वनमाला रिक्षाने सांताक्रूझला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी पंजा धुतला, केस कापून भिंगातून पाहिलं.

"एकच खूण दिसतेय. दाताची असेल, पेटीच्या खिळ्याचीही असेल. सांगता येत नाही."

"औषध?"

"विषावरचं माझ्याकडे नाही, बाई. घरी न्या. हिरड्या बघत राहा. रक्त आलं तर..."

ती परत आली तेव्हा चाळीतल्या सगळ्या बायका अंगणात उभ्या होत्या. आत कोणीच गेलं नव्हतं. दुपारी जयवंत आला. त्याने चाळीतल्या एकाच्या मदतीने टोपाखालून पत्रा सरकवला, सगळं तसंच उचलून नाल्याकडच्या मोकळ्या जागेत नेलं आणि काठीने फुरसं मारलं. परत येऊन हात धुताना तो हसत होता. "एवढंसं तर होतं. गावाला असली ढीगभर." मग पेंढ्याकडे बघून त्याने विचारलं, "नक्की कुठे होतं गं?"

"आईंच्या उशाखाली. दाराकडच्या बाजूला."

जयवंत भिंतीला टेकून खाली बसला. "पहाटे मी तिथूनच दोन आंबे काढले," तो म्हणाला. "आई उठेल म्हणून दिवा लावला नव्हता. चाचपून काढले." त्याचे हात ओलेच होते. त्याने ते पुसले नाहीत.

आणखी एखादं असेल तर? हा विचार प्रत्येकाच्या मनात होता. जयवंतने चिमट्याने पेंढा थोडा थोडा उचलून अंगणात उन्हात टाकला, आंबा अन् आंबा घरंगळत बाहेर काढला. काही सापडलं नाही. तरी सासूबाई खाटेवर परत जायला तयार होईनात. त्यांना दाराशी चटईवर निजवलं.

वनमाला बोंडूला मांडीवर घेऊन बसली. पंजा सुजला होता. तो खात नव्हता, पाणी पीत नव्हता. ती त्याचा ओठ अंगठ्याने वर करायची, हिरड्या बघायची, थोड्या वेळाने पुन्हा बघायची. गुलाबी होत्या की जास्तच लाल? दिव्याच्या पिवळ्या उजेडात काही कळेना. एकदा तिला वाटलं, रक्त आलं. तिने पदराने पुसून पाहिलं, तर लाळ होती.

"झोप आता," जयवंत म्हणाला.

"झोपले आणि ह्याला काही झालं तर?"

तो उठला. तिच्याशेजारी येऊन बसला.

उजाडताना बोंडूने तिच्या मांडीवरून उतरून वाटीतलं पाणी चाटलं. सूज उतरायला आणखी काही दिवस गेले. दात लागला होता की खिळा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मऊ झालेल्या आंब्यांचं वनमालाने सासव केलं, ओलं खोबरं आणि मोहरी वाटून. सासूबाई मिटक्या मारत जेवल्या. वनमालाने ते चाखलंही नाही.

बोंडूला मात्र ती दाराबाहेर सोडेना. कडी लावून ठेवायची. तो दुपारभर दारावर नखं घासत ओरडायचा.

"मांजराक कोंडून घालतंस काय गो?" सासूबाई एक दिवस रागावल्या. "मरात ता तशान."

वनमालाने कडी काढली. बोंडू शेपटी उभारून बाहेर पडला, एकदाही मागे न बघता. ती अनवाणीच त्याच्या मागे गेली, चाळीच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तो पत्र्यावर चढून दिसेनासा झाला तरी कितीतरी वेळ तिथेच उन्हात उभी राहिली.