थंड हाताची सून

माझे हात बाराही महिने गार असतात. माहेरी कुणी त्याची दखलही घेतली नाही. मंगरूळपीरला सासरी आल्यावर, धाकट्या दिराचं लग्न झालं आणि सुंदरबाई घरात आली, तेव्हा मला कळलं की हा केवढा मोठा अवगुण आहे.

सुंदरचे हात कायम उबदार. आणि आमच्या सासूबाईंचे, धापूबाईंचे, पाय हिवाळ्यात अगदी दगड. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की त्या खाटेवर पाय पसरायच्या. इतकी वर्षं ते पाय मीच दाबले होते. सुंदर आल्यावर एकदा मी हात लावला, तर त्यांनी पाय झटकन ओढून घेतले.

"अवं राजमती, मले वाटलं पाल चढली पायावर!"

सगळे हसले. माझा नवरा ज्ञानचंदसुद्धा. तेव्हापासून रोज संध्याकाळी एकच हाक, "सुंदर, ये वं, पाय धर." मी भांडी आदळायची. ऐकू जावीत म्हणूनच आदळायची.

एकदा मी शेगडीवर तळवे चांगले शेकून घेतले आणि सुंदरच्या आधी जाऊन पायाशी बसले.

"आज तुहे हात बरे लागून राह्यले," सासूबाई म्हणाल्या. मी फुलून गेले. पण उसनी ऊब ती, त्या गार पायांनी पिऊन टाकली. दुसऱ्या पायाला हात लावेपर्यंत मी पुन्हा होते तशी.

"जाय, सुंदरले पाठव."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग त्र्याहत्तरचा उन्हाळा आला. गावात महासतीजी, आमच्या जैन साध्वी, आल्या होत्या. त्यांच्यासमोर हात जोडून सासूबाईंनी नेम घेतला. अख्खा वैशाख पंख्याचा वारा घ्यायचा नाही, हवेतल्या जिवांना त्रास होतो. आणि पाणी, तेही उकळून निवलेलं, फक्त पिण्यापुरतं. अंगाला थेंबही लावायचा नाही.

बाहेर झळा, घरात भट्टी. विजेचा पंखा बंद, विणलेला पंखा खुंटीला. सासूबाई माजघरात पडून नुसत्या उकडत होत्या. सुंदर धावली आणि तिनं कपाळावर हात ठेवला.

"उचल वं! आधीच मी भाजून राह्यली, त्यात तू निखारा ठेवतं!"

मी कुणाच्या हाकेची वाट पाहिली नाही. जाऊन माझा हात ठेवला. सासूबाईंनी डोळे मिटले.

"ठेव. तसाच ठेव."

हात कितीही गार असला तरी कपाळाची आग ओढून घेता घेता तोही तापतो. मग मी दुसरा ठेवायची आणि तापलेला शहाबादी फरशीवर पालथा दाबून धरायची. फरशी त्यातली उष्णता घ्यायची, की पुन्हा अदलाबदल. सारी दुपार असं चालायचं. पडल्या पडल्या सासूबाई मला इंझोरीच्या, त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या. सुंदरला त्यांनी त्या कधी सांगितल्या नव्हत्या, याची मी विचारून खात्री करून घेतली होती.

आता भांडी सुंदर आदळायची.

ज्ञानचंद म्हणाला, "तुहा तं भाव चढला वं उन्हाळ्यात."

"चढू दे. कोनाच्या बापाचं काय जाते?" मी म्हटलं.

एका दुपारी मी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले, तेवढ्यात सुंदरनं डाव साधला. पाझरत्या माठाला तिनं दोन्ही तळवे लावले, गार केले, आणि घाईघाईनं ते सासूबाईंच्या कपाळावर ठेवले. सासूबाई ताडकन उठून बसल्या.

"वला हात! अवं, माहा नेम मोडतं का?"

मी खाली आले तर त्या पदरानं कपाळ खसाखसा पुसत होत्या आणि सुंदर कोपऱ्यात हमसून रडत होती. माझी शेगडी मला आठवली. मला तिची कीव यायला हवी होती. आली नाही. उलट रात्रीच्या झोपेपर्यंत मी खुशीत होते.

वैशाख संपला. नेम पुरा झाला. सकाळी पोरीबाळींना जेवू घातलं, आणि दुपारी सुंदरनं खुंटीवरचा पंखा काढला. काय जोरानं घालत होती वारा! सासूबाईंच्या मानेवरचा घाम सुकत गेला, चेहरा निवला. मी चुलीपुढून उठून त्यांना ताक द्यायला आले होते. पेला ठेवला आणि वळले. आता इथं माझं काय काम?

सासूबाईंनी डोळे न उघडता माझं मनगट धरलं.

"कुठी चालली?"

"बाई, हात तापला हाये माहा. भाकरी टाकून राह्यली होती."

"राहू दे तापला तं."

त्यांनी तो हात ओढून कपाळावर ठेवला. माझ्याच हाताचा चटका मला जाणवत होता, त्यांना कसा जाणवला नसेल?

पंखा थांबला. सुंदर माझ्याकडे बघत होती. ती नजर मी ओळखली, दोन हिवाळे तीच माझ्या डोळ्यांत होती.

मी हात काढला नाही.